वरच्या मजल्यावर वायफाय पोहोचत नाही. राउटर कोणता घेऊ आणि कुठे बसवू?

प्रश्न पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: तळमजला आणि वर एक मजला असं रो-हाऊस, फायबरचं कनेक्शन, २०० एमबीपीएसचा प्लॅन. कंपनीच्या माणसाने फायबरचा डबा, ज्यातच सध्याचं वायफायही आहे, खाली हॉलमध्ये टीव्हीच्या मागे बसवला. हॉलमध्ये नेट छान चालतं. वर मागच्या बेडरूममध्ये मिस्टर ऑफिसचे कॉल घेतात, तिथे आवाज तुटतो. मुलीच्या खोलीत तर रेंजची एकच काडी. एम. जी. रोडवरच्या एका दुकानात सहा अँटेनांचा राउटर सुचवला, शेजाऱ्यांनी भिंतीतल्या सॉकेटला लावायचा रिपीटर घ्या म्हणून सांगितलं. यातलं काय घ्यावं, कसं बसवावं, लाइट गेल्यावर काय करावं आणि घराचे कॅमेरे याच नेटवर टाकले तर चालतील का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, अजून काहीच विकत घेऊ नका. नाशकात घरांमध्ये आणि लहान ऑफिसांमध्ये नेटवर्क बसवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. तुम्ही लिहिलंय त्यावरून दोष राउटरचा कमी आणि जागेचा जास्त दिसतो. राउटर घरात कुठे आहे आणि वरच्या मजल्यापर्यंत वायर गेली आहे का, या दोन गोष्टी आधी ठरवायच्या. ब्रँड आणि अँटेना त्यानंतर.

सुरुवात वायरपासून करा. एक लॅपटॉप घ्या, लॅन केबलने थेट फायबरच्या डब्याला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट लावा. १९० ते २०० च्या आसपास आकडा आला तर लाइन चोख आहे, घरात येणारं नेट पूर्ण येतंय, जे काही हरवतंय ते हवेत हरवतंय. आकडा ९४-९५ वर येऊन थांबत असेल तर तो योगायोग नसतो. मधे कुठेतरी १०० एमबीपीएसचं पोर्ट आहे किंवा केबलची एखादी तार तुटली आहे. बऱ्याच फायबरच्या डब्यांवर एकच पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचं, असतं आणि बाकीची १०० ची असतात. वरून सगळी सारखीच दिसतात. डब्यावर पोर्टाच्या बाजूला बारीक अक्षरात ‘जीई’ लिहिलं असेल ते गिगाबिट, ‘एफई’ म्हणजे १०० चं. २०० चा प्लॅन घेऊन महिनोन् महिने ‘एफई’ पोर्टावर ९५ वापरणारी घरं मी पाहिली आहेत. केबल शेजारच्या भोकात घातली की काम झालं. लॅपटॉप जुना असेल तर त्याचं स्वतःचंही पोर्ट १०० चं असू शकतं, तेवढं बघून घ्या.

वायरवरच आकडा कमी आणि अस्थिर येत असेल, कधी ३०, कधी १५०, तर फायबरकडे बघा. टीव्ही युनिटच्या मागे हात घालून ती पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कशी गेली आहे ते टॉर्च लावून नीट पाहा. फायबर म्हणजे केसासारखी काच असते, तिच्यातून प्रकाश जातो. ती कोपऱ्यात काटकोनात दुमडली असेल, सुताराने युनिट मागे ढकलताना दाबली गेली असेल किंवा जास्तीची वायर घट्ट गुंडाळून केबल-टायने आवळली असेल, तर प्रकाश वळणावर बाहेर गळतो. वळण निदान पुरीएवढं मोठं ठेवा. डब्याच्या सेटिंगच्या पानावर (ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता टाकला की ते उघडतं) ‘ऑप्टिकल’ किंवा ‘पॉन’ नावाच्या भागात आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएम या एककात दिसते. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या खाली गेली की नेट तुटायला लागतं, डब्यावर ‘एलओएस’चा, म्हणजे प्रकाश पोहोचत नसल्याचा, लाल दिवा लुकलुकतो. अशा वेळी कंपनीला तक्रार करताना हा आकडा सांगा. ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की समोरचा ‘राउटर बंद करून चालू करा’ म्हणतो. ‘रिसिव्ह पॉवर उणे २८ येतेय’ म्हटलं की माणूस पाठवतो. आणि एक कळकळीची विनंती: कंपनीच्या डब्याला मागच्या बारीक भोकात पिन टोचून रिसेट मारू नका. त्यात कंपनीने भरलेली सेटिंग असते, ती पुसली गेली की माणूस येईपर्यंत घर नेटशिवाय राहतं.

आता हवेकडे या. अँड्रॉइड फोनवर वायफायची ताकद दाखवणारं एखादं मोफत ॲप घ्या आणि घरभर हळूहळू फिरा. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी, वळणावर, वरच्या पॅसेजमध्ये, मागच्या बेडरूमच्या दारात, मिस्टर जिथे बसतात त्या टेबलावर. प्रत्येक ठिकाणी थांबून आकडा कागदावर लिहा. आकडे उणे असतात, शून्याच्या जवळ तेवढे चांगले. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ ला रखडतो, उणे ८० च्या पुढे तुटतोच. दर १० ने आकडा घसरला की ताकद दहावा हिस्सा उरते. म्हणजे हॉलमध्ये उणे ५० आणि वर उणे ८० असेल, तर हजारावा भाग वर पोहोचतोय. काड्या बघून हे कळत नाही. फोनातल्या काड्या प्रत्येक कंपनी आपापल्या हिशोबाने दाखवते.

तुमच्या घरात हा आकडा कुठे धाडकन कोसळेल तेही मी आत्ताच सांगतो: स्लॅबपाशी. आपल्याकडे रो-हाऊसचा स्लॅब म्हणजे आत सळ्यांची जाळी असलेलं काँक्रीट, त्यावर फरशी. टीव्हीच्या मागचा डबा तिरका वर बघतो म्हटलं, तर त्याच्या वाटेत टीव्हीचा धातूचा पत्रा, बीम, स्लॅब आणि वरची एक विटांची भिंत, एवढं सगळं येतं. त्यात वायफायच्या दोन पट्ट्या असतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब, ती भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण वेग कमी आणि तिथे गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झला वेग भरपूर, पण स्लॅब आला की ती दमते. म्हणून हॉलमध्ये फोन ५ वर असतो आणि जोरात चालतो, वर गेलं की गुपचूप २.४ वर उतरतो आणि ४०-५० एमबीपीएस दाखवतो. तो आकडा बिघाड नाही. साध्या २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर (पट्टीच्या एका तुकड्यावर) २.४ कडून व्यवहारात एवढंच मिळतं.

सहा अँटेनांबद्दल. राउटरने किती ताकदीने बोलायचं याला सरकारी मर्यादा आहे, अँटेना दोन असोत की आठ. ज्यादा अँटेनांचा खरा उपयोग एकाच वेळी डेटाचे जास्त प्रवाह पाठवायला होतो, आणि तुमच्या फोनमध्ये बहुधा दोनच अँटेना असतात. शिवाय संभाषण दोन्ही बाजूंनी चालतं. राउटरचा आवाज वर पोहोचला तरी फोनचा क्षीण आवाज स्लॅबमधून खाली पोहोचला पाहिजे. फोनची बॅटरी ती केवढी, त्याची ताकद ती केवढी! म्हणून मोठा राउटर आणल्यावर काड्या वाढलेल्या दिसतात आणि कॉल तरीही तुटतो. ताई, अशा राउटरवर सहा-सात हजार घालवून हिरमुसलेली माणसं मला दर पंधरवड्याला भेटतात, म्हणून इतकं आवर्जून लिहितोय.

घरागणिक उपाय बदलतो. इंदिरानगर किंवा कॉलेज रोडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एकच राउटर पॅसेजच्या तोंडाशी, डोक्याच्या उंचीवर लावला की काम भागतं. फक्त तो लोखंडी कपाटाच्या वर, फिश टँकच्या मागे किंवा टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात नको. पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांची गोष्ट वेगळी. दीड-दोन फूट जाडीच्या भिंती, मधे चौक. तिथे प्रत्येक खणात वायर नेल्याशिवाय गत्यंतर नाही, पण लाकडी तक्तपोशी असेल तर वरच्या मजल्यावर रेंज सहज जाते. गंगापूर रोडच्या मोठ्या बंगल्यांना दोन-तीन ठिकाणी वायफाय लागतंच. आणि म्हसरूळ-मखमलाबादकडच्या मळ्यातल्या घरात घर ते पंपाची खोली असं अंतर असेल, तर बाहेर लावायची वेगळी उपकरणं येतात, तो विषय निराळा.

तुमच्या रो-हाऊसला मी असं करेन: खालचा डबा आहे तिथे राहू द्यायचा, आणि वर पॅसेजमध्ये जिन्याच्या डोक्यावर एक राउटर वायरने जोडून बसवायचा. वायर कुठून नेणार, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. बहुतेक रो-हाऊसमध्ये बिल्डरने गच्चीपासून हॉलपर्यंत केबल टीव्हीसाठी भिंतीत कन्सील पाइप टाकलेला असतो. आज त्यात जुनी काळी केबल नुसती पडून असते. तीच तुमची दोरी. खालच्या टोकाला त्या काळ्या केबलला नवी लॅन केबल इन्सुलेशन टेपने चपटी, गाठ न मारता गुंडाळायची. वरून एकाने जुनी केबल हळू ओढायची, खालून दुसऱ्याने नवी ढकलत राहायचं. अडली तर हिसका द्यायचा नाही. थोडी मागे घेऊन, केबलवर साबणाचं पाणी लावून पुन्हा ओढायची. वरच्या पॅसेजमध्ये टीव्हीचा पॉइंट असेल तर तिथेच ती बाहेर निघते. लाइटच्या वायरींच्या पाइपमधून मात्र लॅन केबल नेऊ नका, वायरमन ‘चालतंय’ म्हणाला तरी नको. पाइप नसेल तर जिन्याच्या कडेने पांढरी पट्टी मारा. पट्टी डोळ्याला आठवडाभर खुपते, तुटणारा कॉल रोज.

लॅन केबल कॅट-६ दर्जाची घ्या, शुद्ध तांब्याची. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल फार आहे. दुकानातच एक तार सोलून तिच्यावर ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी चकाकी दिसली तर परत ठेवा. टोकाला जॅक मारताना तारांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅकची क्लिप खाली ठेवून डावीकडून हा क्रम, आणि दोन्ही टोकांना सारखाच. हिरवी जोडी निळ्या जोडीच्या दोन्ही बाजूंना फाकते, तिथेच नवखा माणूस चुकतो. आठही तारा जॅकच्या टोकाला टेकलेल्या दिसल्या पाहिजेत, मगच क्रिम्पिंग टूल दाबायचं. १०० एमबीपीएसला चारच तारा लागतात आणि गिगाबिटला आठही. त्यामुळे निळी किंवा तपकिरी तार नीट बसली नाही तरी बहुतेक वेळा नेट चालू राहतं, फक्त ९५ वर अडकतं. म्हणून जॅक मारून झाल्यावर माणूस घराबाहेर पडण्याआधी वरच्या टोकाला लॅपटॉप लावून स्पीड टेस्ट घ्याच. पैसे त्यानंतर.

आता राउटर. खोक्यावरच्या ‘एसी १२००’, ‘एएक्स १५००’, ‘एएक्स ३०००’ या आकड्यांत दोन्ही पट्ट्यांची कागदावरची बेरीज असते. एसी १२०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७. ५ गिगाहर्ट्झच्या ८६७ मधून, त्याच खोलीत, चांगल्या फोनवर निम्म्याच्या आसपास हाती येतं. तुमच्या २०० ला ते भरपूर झालं. खोक्यावर त्यापेक्षा महत्त्वाची एक ओळ असते, मागच्या बाजूला, बारीक अक्षरात: पोर्ट १०/१०० की १०/१००/१०००. टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ हे दोन्ही एसी १२०० म्हणून विकले जातात, दोघांना चार अँटेना; पण सी५० ची पोर्ट १०० ची आणि सी६ ची गिगाबिट. २०० च्या प्लॅनला सी५० लावला तर अर्धा प्लॅन दाराबाहेरच राहतो. थोडे पैसे वाचतात म्हणून १०० च्या पोर्टाचा राउटर आज कुणीही घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वायफाय ५ घ्यावं, ६ की ७? वायफाय ५ फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालतं, त्यातल्या २.४ वर जुनं वायफाय ४ च असतं. वायफाय ६ ची प्रमाणपत्रं २०१९ पासून सुरू झाली; ते दोन्ही पट्ट्या सुधारतं आणि एकाच वेळी अनेक उपकरणं बोलत असतील तर त्यांना आळीपाळीने ताटकळत ठेवण्याऐवजी एकाच फेरीत थोडं थोडं वाटून देतं. घरात चार फोन, दोन लॅपटॉप, टीव्ही आणि कॅमेरे असतील तर हा फरक जाणवतो. म्हणून आज नवा घेताना एएक्स १५०० किंवा त्याच्या वरचा, गिगाबिट पोर्टचा वायफाय ६ राउटर घ्या. वायफाय ७ २०२४ पासून आलंय, उत्तम आहे, पण त्याचा फायदा घेणारे फोन घरात नसतील आणि प्लॅन २०० चा असेल तर ते पैसे केबलला लावा. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून राउटर मागवू नका. वॉरंटी इथे लागू होत नाही, आणि त्या देशाच्या चॅनलची सेटिंग आपल्याकडच्या नियमांत बसेलच असं नाही.

शेजाऱ्यांचा रिपीटर मला पटत नाही, कारण सांगतो. साधा रिपीटर ज्या पट्टीवर ऐकतो त्याच पट्टीवर पुढे बोलतो, एका वेळी एकच काम. त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो आणि डेटाच्या प्रत्येक पाकिटाला उशीर लागतो. यूट्यूब चालून जातं, कॉल मात्र अडखळतो. लोक तो लावतातही नेमका रेंज नसलेल्या खोलीत, जिथे त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही. घर भाड्याचं आहे, वायर नेणं शक्यच नाही, अशी वेळ असेल तर मेश, म्हणजे मिळून एकच वायफाय देणाऱ्या युनिटचा संच, घ्या, आणि त्याचं दुसरं युनिट जिन्याच्या वळणावर ठेवा, जिथे पहिल्याची ताकद उणे ६० च्या आसपास मिळते. मेशची युनिट एकमेकांना वायरनेही जोडता येतात, आणि तशी जोडली की ती खरी खुलतात.

बसवताना पहिला निर्णय: वरचा राउटर ‘राउटर’ म्हणून चालवायचा की ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पसरवायला. तुमच्या घरात ॲक्सेस पॉइंट. कंपनीचा डबा आधीच सगळ्या उपकरणांना आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कमधले ओळख क्रमांक, वाटतो. वरच्यानेही वाटायला सुरुवात केली तर एका घरात दोन कारभारी होतात. मग खालचा प्रिंटर वरच्या लॅपटॉपला दिसत नाही, टीव्हीवर फोनचं चित्र टाकता येत नाही. बहुतेक नव्या राउटरमध्ये ‘ऑपरेशन मोड’मध्ये ॲक्सेस पॉइंटचा पर्याय एका टिचकीवर असतो. नसेल तर हाताने करा: राउटरचा स्वतःचा पत्ता डब्याहून वेगळा द्या, म्हणजे डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२; मग याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करा आणि खालून आलेली केबल ‘वॅन’ (बाहेरच्या नेटच्या) ऐवजी ‘लॅन’ (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टात लावा. क्रम हाच ठेवा. आधी डीएचसीपी बंद केलं तर सेटिंगच्या पानावर परत जायला त्रास होतो.

सगळं एकाच राउटरने चालवायचं असेल, कंपनीचा डबा फक्त प्रकाशाचं नेट करायला ठेवायचा, तर त्याला ब्रिज मोड म्हणतात. तो कंपनीकडून करून घ्यावा लागतो, काही देतात, काही देत नाहीत. जिथे युजरनेम-पासवर्डने जोडणी होते तिथे तो पासवर्ड आणि व्हीलॅनचा (कंपनीच्या लाइनवरच्या वेगळ्या वाटेचा) क्रमांक आधी लिहून घ्या. तुम्हाला सध्या याची गरज नाही.

वायफायचं नाव आणि पासवर्ड खाली-वर सारखे ठेवा, म्हणजे फोन आपोआप बदल करेल. कधी बदलायचं हे मात्र फोन स्वतः ठरवतो, आणि काही फोन खालच्या मरतुकड्या रेंजला घट्ट धरून बसतात. असं झालं तर खालच्या डब्याच्या २.४ ची ताकद ‘हाय’वरून ‘मीडियम’ करा. ऐकायला उलटं वाटतं, पण त्याने वरचा फोन लवकर वरच्या राउटरकडे वळतो. चॅनल दोघांचे वेगवेगळे. २.४ वर एकमेकांवर न चढणारे तीनच आहेत: १, ६ आणि ११. ॲपमध्ये शेजाऱ्यांची गर्दी कुठे कमी दिसते ते बघून खाली १ आणि वर ६ असं काहीतरी पक्कं करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० केली तर रो-हाऊसच्या रांगेत दोन्ही बाजूंच्या घरांशी भांडण होतं. ५ गिगाहर्ट्झवर रुंदी ८० ठेवा. एकाला ३६, दुसऱ्याला १४९. मधले ५२ ते १४४ चॅनल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात. राउटरला तिथे आधी मिनिटभर कानोसा घ्यावा लागतो आणि रडारची चाहूल लागली की चॅनल सोडावा लागतो. नेमका कॉलच्या मधे. आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचे हे बरेच चॅनल २०१८ मध्ये परवान्याविना खुले झाले, त्यामुळे जागा भरपूर आहे. टोकाचे वापरले तरी पुरतं.

मिस्टरांच्या लॅपटॉपसाठी एक सांगतो: वर केबल आलीच आहे, राउटरच्या मागे चार पोर्ट आहेत. एक छोटी केबल टेबलापर्यंत न्या आणि ऑफिसचा लॅपटॉप वायरनेच चालवा. टीव्हीही वायरवर टाका. जी उपकरणं हलत नाहीत ती हवेतून काढून घेतली की फोनांना हवा मोकळी मिळते. एवढं करूनही फोटो अपलोड होताना कॉल अडखळला, तर राउटरच्या ‘क्यूओएस’ (कुणाला आधी वाट द्यायची त्या) सेटिंगमध्ये त्या लॅपटॉपला प्राधान्य द्या. हे काम राउटर मोडमध्ये होतं. ॲक्सेस पॉइंट असेल तर सेटिंग खालच्या डब्यात शोधा.

सुरक्षेत हयगय नको. दोन पासवर्ड असतात, एक वायफायचा आणि एक सेटिंगच्या पानाचा. लोक पहिला बदलतात, दुसरा ‘ॲडमिन’ तसाच राहतो. दोन्ही बदला. वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा. एखादा जुना प्रिंटर त्यावर रुसला तर नुसतं डब्ल्यूपीए२ एईएस चालेल. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा आठ आकडी पिनने जोडण्याची सोय, बंद करा. त्या पिनमधली फट २०११ पासून जगजाहीर आहे. बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद. फर्मवेअरचं (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट आपोआप होऊ द्या. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क, म्हणजे वेगळ्या नावा-पासवर्डचं वायफाय, द्या. दिवाळीत वीस जणांना सांगितलेला पासवर्ड नंतर बदलायचा झाला तर घरातल्या उपकरणांना धक्का लागत नाही.

लाइट गेल्यावर काय, तर इन्व्हर्टर असेल तर टीव्हीमागचं आणि वरच्या पॅसेजमधलं, असे दोन्ही सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहेत का ते वायरमनकडून बघून घ्या. हॉलच्या टीव्हीचा पॉइंट बऱ्याचदा त्यातून वगळलेला असतो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा, मिळतो. घेताना ॲडॉप्टरवरचं लेबल वाचा: १२ व्होल्ट असेल तर १२ च, अँपिअर लेबलइतके किंवा जास्त, आणि पिनच्या चिन्हात अधिक आत आहे की बाहेर ते जुळलं पाहिजे. ९ व्होल्टच्या डब्याला १२ ची पिन शारीरिकदृष्ट्या आरामात बसते आणि डबा जळतो. फायबरचा डबा आणि वरचा राउटर दोन्हींना वीज लागते, हे विसरून लोक एकालाच यूपीएस लावतात. फायबरच्या रस्त्यावरच्या स्प्लिटरला (एक लाइन अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला) वीज लागत नाही, त्यामुळे कॉलनीत अंधार असला तरी तुमचा डबा चालू असेल तर नेट सहसा चालतं. काही स्थानिक जोडण्यांत मात्र शेवटच्या टप्प्यात खांबावर किंवा जिन्याखाली विजेवर चालणारा स्विच असतो. तिथे घरच्या यूपीएसचा उपयोग त्या स्विचच्या बॅटरीइतकाच.

मे-जूनच्या वळवात आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा जोरात होतात. काचेतून करंट येत नाही, पण बाहेरून येणाऱ्या फायबरला आधारासाठी स्टीलची तार जोडलेली असते. ती घराबाहेरच हुकाला अडकवून कापलेली हवी, आत डब्यापर्यंत आणलेली नको. गच्चीवरून शेजारच्या घराला तांब्याची लॅन केबल दिली असेल तर ती काढूनच टाका. आणि उन्हाळ्याचं म्हणाल तर, गच्चीखालच्या माळ्यावर राउटर ठेवू नका. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तिथे राउटर तापून स्वतःहून बंद-चालू व्हायला लागतो.

राहिले कॅमेरे. वायरवाले असतील तर त्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) एका लॅन केबलने डब्याला जोडा. वायफायवाले बहुतेक कॅमेरे फक्त २.४ वर चालतात. पहिल्यांदा जोडताना फोनही २.४ वर असावा लागतो, म्हणून जोडणीपुरतं ५ बंद करून मग चालू करा. गेटवरच्या कॅमेऱ्याची रेंज तिथे उभं राहून मोजा, उणे ७० च्या आत हवी. बाहेरगावाहून बघायला कंपनीचं ॲप वापरलं तर वेगळं काही करावं लागत नाही. कुणी ‘पोर्ट फॉरवर्ड करून देतो’ (बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत वाट उघडून देतो) म्हणाला तर आधी डब्याच्या पानावर वॅनचा आयपी बघा: तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही आणि इतर अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे आहात, आणि पोर्ट फॉरवर्ड चालणारच नाही. त्यासाठी वेगळा आयपी घ्यावा लागतो, तुम्हाला तो नको. डीव्हीआरचा मूळ पासवर्ड बदलल्याशिवाय मात्र तो नेटला जोडू नका. घरातली चित्रं आहेत ती.

मोजलेले आकडे आणि पॅसेजमध्ये केबलचा पाइप निघतो का, एवढं कळवलंत तर वरचा राउटर नेमका कुठल्या भिंतीवर लावायचा ते सांगता येईल.